कपडे परत आले

नॉनसानच्या फाटकाबाहेर, रस्त्यावर, सगळं मिळतं:
गुडघ्याच्या पट्ट्या, बुटांचे सुकतळे,
अंधारात हिरवी दिसणारी घड्याळं.
विकणारी बाई म्हणाली, घ्याच, सगळे घेतात.
मी म्हणालो, आत कशाला हवं घड्याळ,
वेळ ओरडून सांगणारी माणसं असतात आत.
आणि मग घेतलं.

आदल्या दिवशीच भादरून आणलं होतं पोराचं डोकं.
मागे, कानाच्या वर, एक पांढरी खूण दिसली.
दोन टाके असावेत.
यनह्वाला विचारलं, ही कधीची?
ती म्हणाली, तू दुकानात होतास.

जेवायला तिघांत चौघांचं मांस मागवलं.
दो-ग्यमनं दोन घास खाल्ले
आणि नुसतं पाणी पीत बसला.
आजूबाजूच्या सगळ्या टेबलांवर तसलीच गुळगुळीत डोकी
आणि चिमट्यानं त्यांच्या वाटीत तुकडे टाकणाऱ्या आया.
कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

मैदानावर रांगा लावल्या.
आईवडिलांना सलाम करा, म्हणाले.
हजारभर हात वर गेले, कुणाचा तिरका, कुणाचा उशिरा,
आणि माझाही गेला, न विचारता,
सत्तावीस वर्षांनी.
कोपर अजून बरोबर येतं.
यनह्वा भलत्याच मुलाकडे बघून हात हलवत होती, रडत होती.
मी तिला सांगितलं नाही.
त्या मुलानंही मान हलवली होती तिच्याकडे बघून.

आता तिच्या फोनमध्ये नॉनसानचं हवामान
आमच्या मोक्पोच्या वर आहे.
सकाळी डोळे उघडायच्या आधी ती आकडा सांगते.
उणे अकरा.
मी म्हणतो, हं.
माझ्या पायाच्या दोन बोटांना उणे अकरा माहीत आहे,
पण ती गोष्ट मी तिला कधी सांगितली नाही,
आणि आता तर नाहीच.

दुकानात नौदलाची पोरं येतात, गणवेश टाकतात.
वीस वर्षं मी त्यांच्या छातीवर नावं शिवतोय,
सरळ, समान टाक्यांत.
कुणाचं नाव मी कधी वाचलं नव्हतं.
या आठवड्यात वाचतो. मोठ्यानं.
मग सुई बोटात जाते.

आठव्या दिवशी खोकं आलं.
पत्ता त्याच्याच अक्षरात, पिन कोड चुकलेला.
यनह्वानं कात्री आणली नाही, नखांनीच चिकटपट्टी सोलली.
आत जीन्स, स्वेटर, माझा म्हणून घेतलेला आणि कधीच परत न दिलेला शर्ट,
आणि एक मोजा. दुसरा नाही.
चिठ्ठीत तीन वाक्यं: जेवण बरं आहे.
झोप लागते. घड्याळ बंद पडलं.

तिनं स्वेटरमध्ये तोंड घातलं.
आतूनच म्हणाली, धुवायचं नाही हं.
गिऱ्हाइकाला मी रोज सांगतो,
डाग त्याच दिवशी काढलेला बरा, एकदा मुरला की मुरला.
तिला म्हणालो, नाही धुणार.

पण मी बघत होतो तो शर्ट.
काठाला काठ, कोन असे की बोटाला टोचावेत.
लॉन्ड्रीवाल्याचा मुलगा,
वीस वर्षं खुर्चीवर बोळे करून टाकले त्यानं कपडे.
किती वेळा हात धरून शिकवलं,
बाही आधी, मग कॉलर, मग मधोमध.
यांनी चार दिवसांत शिकवलं.
कसं शिकवलं ते मला ठाऊक आहे.

रात्री यनह्वा झोपल्यावर
मी ती घडी मोडली.
शर्ट हातात चुरगळला, चांगला घट्ट,
आणि त्याच्या खुर्चीवर टाकला. एक बाही जमिनीवर.

सकाळी ती खोलीत गेली.
तिचा आवाज आला, सवयीचा, वैतागलेला,
अरे, किती वेळा सांगायचं...

मग काहीच आलं नाही.
मी दुकानाचं शटर उघडायला गेलो.
मागून तिनं सांगितलं, उणे नऊ.